यादामकडे जेवायला थांबलेलं विमान

यादाम वाईट माणूस होता असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. चांगला होता मेला. इतका चांगला की त्या चांगुलपणाखाली तीन जीव गेले आणि चौथ्याची सात वर्षं तुरुंगात सडली. मी त्यातून वाचले, म्हणून सांगतेय. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही, ते पुढे येईलच.

आमच्या तालुक्यात मी बत्तीस वर्षं औषधपाणी केलं. मंगोलियाच्या पश्चिमेला, डोंगरांच्या कुशीत, जिथं खरा डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर, तिथं मीच डॉक्टर, मीच सुईण, मीच दात उपटणारी. लोक मला अर्धी डॉक्टर म्हणायचे. यादामच्या पायात जपान्यांशी झालेल्या खालखिन गोलच्या लढाईतली गोळी राहिली होती, ती थंडीत ठणकायची, म्हणून दर महिन्याला त्याच्याकडे माझी फेरी असायची. सुई टोचायला लागायची पाच मिनिटं. निघायला लागायचे दोन तास. कारण यादामकडून न जेवता कुणी निघालं, असं त्याच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो दर वेळी स्वतःच सांगायचा.

"डोल्गोर, बस गं. तुझा घोडा बाहेर उभा आहे, तो काय दमतोय?"

"काका, मला अजून दोन घरं गाठायचीत."

"दोन घरं कुठं पळून जातायत? बस म्हणतो ना!"

मग खारट दूधचहा, मग वाळलेला चक्का, मग मटण. नको म्हटलं तर त्याचा चेहरा असा पडायचा की जसं काही आपण त्याच्या बायकोच्या श्राद्धाला हसलो. बायको एकुलत्या पोरीच्या, नोर्जमाच्या बाळंतपणातच गेली होती. पोरीला त्यानं एकट्यानं वाढवलं, घोड्यावर पुढ्यात बसवून, झग्याच्या आत छातीशी धरून. दुसरं लग्न केलं नाही. नोर्जमा त्याचं सगळं जग होती आणि आल्यागेल्याला जेवू घालणं हा त्याचा सगळा मान होता. या दोन गोष्टींशिवाय त्या माणसाकडे काही नव्हतं.

माकडाच्या वर्षी झुड पडला. झुड म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला विचारू नका, तो तोंड फिरवील. आधी बर्फ, मग एक दिवस ऊन, मग पुन्हा गारठा, आणि गवतावर काचेसारखा थर. मेंढ्या खुरांनी उकरून उकरून रक्ताळायच्या आणि उभ्या उभ्याच मरायच्या. यादामच्या तीनशे मेंढ्यांतल्या अकरा उरल्या. जावई उरलेले घोडे घेऊन दक्षिणेला चाऱ्याच्या शोधात गेला होता. नोर्जमा सात महिन्यांची पोटुशी असताना गेला, आणि दिवस भरले तरी त्याचा पत्ता नव्हता.

कळा सुरू झाल्यावर मला बोलावलं. मी हात लावून पाहिलं तर मूल आडवं. फिरवायचा प्रयत्न केला, नाही फिरलं. पोट कापल्याशिवाय सुटका नव्हती, आणि ते जिल्ह्याच्या गावीच होणार. घाट बर्फानं बंद. मी तालुक्याच्या बिनतारी यंत्रावरून हाका मारल्या. नागरी विमानं सगळी दुसरीकडे अडकलेली. सैन्याचं एक होतं, त्या आठवड्यात गुरांसाठी गवताचे गठ्ठे टाकत फिरणारं, रशियन बनावटीचं, एकावर एक पंखांच्या दोन जोड्यांचं. ते येतो म्हणालं.

हे कळल्यावर यादामनं काय केलं असेल? अकरा मेंढ्यांतला सगळ्यात धडधाकट एडका पाडला. मी ओरडले त्याच्यावर.

"काका, वेड लागलंय का तुम्हांला? वसंतापर्यंत खाणार काय?"

"माझ्या पोरीसाठी आभाळातनं माणसं येतायत," तो म्हणाला, "त्यांना मी सुका चक्का चघळायला देऊ? मला माणसात राहायचंय, डोल्गोर."

विमान सांगितल्या वेळेच्या आधी आलं. अकरा वाजले असतील. खाली घसरपट्ट्या लावलेलं ते धूड बर्फावर घसरत यादामच्या दारापासून शंभर पावलांवर थांबलं. मटण अजून कढईत चढायचं होतं. आधी पोचलं हे आमचं नशीब असं तेव्हा वाटलं होतं. कसलं डोंबलाचं नशीब!

कॅप्टन दाशन्याम उतरला. तिशीचा, ओठ थंडीनं फुटलेले, तीन दिवस नीट झोपलेला नसावा. मागोमाग त्याचा मेकॅनिक गोंबो, चाळिशीचा, पुढचा दात सोन्याचा, पाच पोरांचा बाप. कॅप्टननं मला पहिलंच वाक्य सांगितलं ते मी अजून विसरले नाही.

"ताई, दहा मिनिटांत निघायचं. इंजिन बंद करत नाही. या गारठ्यात बंद केलं तर परत सुरू करायला दोन तास खाली शेगडी लावावी लागते."

आम्ही नोर्जमाला चामड्यात गुंडाळून उचललं आणि विमानाच्या शेपटीकडे, उरलेल्या गवतावर निजवलं. इंजिन चालू असल्यामुळे आत ऊब होती. पोरीच्या चेहऱ्यावर रंग आला. मी म्हटलं, चला. तर यादाम कॅप्टनचा हात धरून उभा.

"जेवून जा."

"काका, खरंच वेळ नाही."

यादाम माझ्याकडे वळला. "डोल्गोर, तू सांग. वेळ आहे का नाही?"

मी काय म्हणाले ऐका. मी पोरीची नाडी पाहिली होती, पोट पाहिलं होतं, मला माझा धंदा कळत होता. मी म्हणाले, "संध्याकाळपर्यंत निभेल काका. तेवढा वेळ आहे."

खोटं नव्हतं ते. नोर्जमाकडे वेळ होता. विमानाकडे नव्हता. पण विमानालाही स्वतःचा वेळ असतो हे आमच्या कुणाच्या टाळक्यात शिरलं असतं तर शपथ! आमच्याकडे वाहन म्हणजे घोडा. घोडा खुंटाला बांधला, मालक आत जेवायला बसला, की घोडा विसावतो. जितका वेळ उभा, तितका ताजा. यादामनं त्या धडधडणाऱ्या विमानाकडे हात केला आणि म्हणाला, "उभंच तर आहे ते! उभ्यानं काय दमणारे? उलट जरा दम खाईल. चल आत."

मला ते अगदी पटलं. नोर्जमाही विमानातून म्हणाली, "ताई, जाऊ दे त्यांना. बाबा पहाटेपासून चुलीपाशी आहेत. नाही जेवले तर वर्षभर तेच उगाळत बसतील." आणि कळेतसुद्धा हसली.

कॅप्टन घरात आला. पाहुण्याशी करायच्या रीतीप्रमाणे तपकिरीच्या कुप्यांची अदलाबदल झाली, चहा झाला. कढई फुरफुरत होती आणि मटण काही शिजेना. शेणी ओल्या होत्या. बाहेर इंजिनाची घरघर, आत यादामच्या लढाईच्या गोष्टी. पाव तास झाला, अर्धा झाला. गोंबो दारात आला, टोपी हातात.

"साहेब, पेट्रोल."

एवढंच म्हणाला. तो सार्जंट, हा कॅप्टन. त्याहून जास्त तो बोलणार नव्हता. कॅप्टन उठायला लागला तशी यादामनं त्याचा खांदा दाबला.

"शेपूट अजून कापलं नाहीस! मानाच्या पाहुण्यानं शेपटीला सुरी लावल्याशिवाय या घरात कुणी घास घेत नाही. माझ्या पोरीचा जीव वाचवायला आलास आणि माझ्या चुलीवरून उपाशी जाणार? माझ्या तोंडाला काळं फासणार?"

"तसं नाही काका..."

"मग बस. तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी."

बसला बिचारा. पोटात भूकही असेल, कसली लाज? तीन दिवस गोठलेल्या पावावर काढलेले. आणि म्हाताऱ्याचा हात झटकून उठायचं, तेही तो शेवटचा धडधाकट एडका पाडून बसलेला असताना, हे आमच्यात वाढलेल्या कुणाला जमलं असतं? मला जमलं नसतं. मीही मांडी घालून बसले. तीन फासळ्या खाल्ल्या मी. चरबी बोटांवरून ओघळत होती आणि मी ती चाटत होते, हे मला अजून आठवतं आणि अजून माझं मलाच थुंकावंसं वाटतं.

गोंबो पुन्हा आला. या वेळी बोललाही नाही, नुसता उभा राहिला. यादामनं त्याच्या हातात भलामोठा तुकडा कोंबला. "घे रे, लाजतोस काय बायकांसारखा!" गोंबोनं कॅप्टनकडे पाहिलं, कॅप्टननं खाली पाहिलं. गोंबो तुकडा घेऊन विमानाकडे परत गेला.

निघालो तेव्हा सव्वा तास झाला होता. यादामनं उरलेलं मटण कापडात बांधून माझ्या मांडीवर ठेवलं, गरम गरम. विमानामागे दूध शिंपडलं. आभाळाकडे तोंड करून पोरीसाठी हात जोडले. खिडकीतनं मला तो दिसला, लंगडत विमानामागे धावणारा, हातात लाकडी पळी, तोंडभर हसू.

घाटावर समोरून वारा लागला. कॅप्टन काट्यावर टिचक्या मारत होता. घाट ओलांडला, पठार आलं, आणि लांबवर जिल्ह्याच्या गावाचा धूर दिसायला लागला. मी नोर्जमाला म्हटलं, "बघ, आलंच." आणि इंजिन खोकलं. दोनदा. मग थांबलं. पुढचा पंखा उभाच्या उभा. त्या शांततेत नोर्जमानं विचारलं, "पोचलो का?"

कॅप्टननं ते धूड खाली आणलं, चांगलं आणलं. बर्फ सपाट दिसत होता. त्याखाली खडक होता. नाक आपटलं. गोंबो पुढं उभा होता, तो काचेवर आपटून जागीच गेला. त्याचा सोन्याचा दात माझ्या पायापाशी येऊन पडला. माझा उजवा हात कोपरापासून मोडला. शेपटीकडे गवतावर निजलेल्या नोर्जमाला ओरखडासुद्धा नाही. नशिबाला असली थट्टा सुचते.

मग गारठा आला. इंजिन गेलं तशी ऊब गेली, आणि लोखंडाचं ते पोट अर्ध्या तासात बर्फाचं झालं. उणे पस्तीस असेल. कॅप्टननं आपला कातडी कोट काढून तिच्या अंगावर घातला, लाल दिवे आभाळात सोडले, कुणी पाहिले नाहीत. मग गावाकडे चालत निघाला. वीस किलोमीटर. मी एका हातानं काय करणार? मटणाचं गाठोडं अजून गरम होतं. ते मी तिच्या पोटाशी लावलं. तासभर टिकली त्याची ऊब. तिनं दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं होतं.

"बाबांना सांग ताई," ती म्हणाली, "मटण शेवटपर्यंत गरम होतं."

नंतर गाठोडं दगडासारखं झालं आणि ती पण. ट्रक आला तेव्हा तिला जाऊन तीन तास झाले होते. पोटातलं मूल तिच्याआधी थांबलं होतं, माझा हात त्याच्यावरच होता.

राजधानीहून, उलान बातरहून चौकशीवाले तिघं आले. प्लॅस्टरमधला हात घेऊन मी त्यांच्यापुढं बसले.

"विमान तिथं किती वेळ थांबलं?"

"थोडा वेळ."

"थोडा म्हणजे किती?"

"रोगी चढवायला लागतो तेवढा."

मी घाबरले होते. वेळ आहे असं कुणी सांगितलं, असं विचारलं असतं तर? माझी नोकरी, माझी अब्रू. आणि कॅप्टननं काय सांगितलं माहितेय? पायाची चार बोटं थंडीनं गळून पडलेली, खुर्चीवर बसून तो एवढंच म्हणाला, "काट्याकडे लक्ष दिलं नाही. चूक माझी." ज्याच्या घरचं खाल्लं त्याचं नाव कसं घ्यायचं? त्यानं ते घेतलं नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. इंजिन जमिनीवर किती वेळ धडधडत होतं ते तपासात कुणी शोधलंच नाही. मग पेट्रोल गेलं कुठं? लोक म्हणायला लागले, विकलं असेल, दारूत घातलं असेल.

यादामला हेच हवं होतं. त्यानं ते धरलं आणि सोडलं नाही. जो येईल त्याला जेवू घालायचा आणि तीच कथा सांगायचा. "त्या चोरानं पेट्रोल विकलं. माझी पोर गारठून मेली. पण माझं मटण, बरं का, माझं मटण तिच्या पोटाशी शेवटपर्यंत गरम होतं!" हो, निरोप मी दिला होता. तिनं सांगितला तसाच दिला मी मेलीनं. आणि दर महिन्याला सुई टोचताना मी तो त्याच्या तोंडून ऐकत राहिले, वर मटणही खात राहिले. सात वर्षं! तोंडात घास फिरायचा, पण गिळायची.

दाशन्याम सुटला त्या उन्हाळ्यात सरळ यादामकडे आला. मी तिथंच होते, यादामचा पाय मांडीवर घेऊन. दाराच्या चौकटीतून वाकून एक माणूस आत आला, केस पांढरे, चालताना तिरपा. मी ओळखलं. यादामनंही ओळखलं, कारण त्याच्या हातातली पळी थांबली.

"काका," तो म्हणाला, "माफी मागायला आलोय."

आमच्यात उंबऱ्यातून आत आलेल्याला हाकलत नाहीत, वैरी असला तरी. यादामनं ते पाळलं. वाडगा भरला, त्याच्यापुढं ठेवला, डाव्या हातानं. जन्मात त्यानं कुणाला डाव्या हातानं वाढलं नव्हतं. वाडग्यात मांस नव्हतं, कुत्र्यापुढं टाकायची चाटून पुसलेली हाडं होती.

"खा," यादाम म्हणाला. "माझी पोर खाल्लीस, नातू खाल्लास, आता हेही खा. पेट्रोलची दारू प्यालास ना? त्याच्यावर तोंडी लावायला बरं."

दाशन्यामनं एक हाड उचललं आणि तोंडाला लावलं. खरोखर लावलं. चघळायला लागला. खाली मान घालून.

माझं डोकं फिरलं. त्याच्यासाठी फिरलं की माझी सात वर्षांची मळमळ वर आली, कोण जाणे. मी यादामचा पाय मांडीवरून ढकलला.

"ठेव ते हाड खाली! काका, ऐकताय का? पेट्रोल कुणी विकलं नाही. पेट्रोल तुमच्या दारात जळलं. ते घोडा नव्हतं. उभं असलं तरी खात होतं ते! तुमचं मटण शिजेपर्यंत सव्वा तास खात होतं!"

"ताई, गप्प बसा," दाशन्याम म्हणाला. "कृपा करा, गप्प बसा."

"का गप्प बसू? गोंबो दोनदा सांगायला आला. तुम्ही त्याच्या हातात तुकडा कोंबलात. वेळ आहे असं मी म्हणाले. मी बसले, हा बसला, आणि तुम्ही शेपूट कापायला लावलंत!"

यादाम माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "गाव किती लांब राहिलं होतं?"

"धूर दिसत होता," मी म्हणाले.

त्यानं दाशन्यामच्या हातातलं हाड काढून घेतलं, वाडगा उचलला, आणि काय करावं हे न सुचून दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला. दाशन्याम निघून गेला. परत कधी आला नाही.

त्या दिवसानंतर यादाम दारातच उभा राहायला लागला. घोड्याच्या टापा ऐकल्या की बाहेर यायचा, दोन्ही हात चौकटीला लावायचा. "काम असेल ना? मग निघा. थांबू नका. निघा, निघा!" चहाचा घोट नाही, बसा नाही. पावसात भिजलेल्या बाईला, पोर कडेवर असताना, त्यानं दारातून लावून दिलं. लोक आधी चक्रावले, मग चिडले, मग नावं ठेवायला लागले. म्हाताऱ्याला कंजुषी सुटली म्हणाले, भूत लागलं म्हणाले. खरं कारण मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. पुन्हा एकदा गप्प बसले. हळूहळू वाटा त्याच्या घरावरून जायच्या त्या लांबून जायला लागल्या.

तीन वर्षांनी शेवटची गेले. छातीत पाणी झालं होतं त्याच्या, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. हे माणूस आता एकटं ठेवायचं नाही, हे कुणीही सांगितलं असतं. दारात पोचले तर आतून मटणाचा वास आला. तीन वर्षांत त्या घरातून तो वास आला नव्हता, आणि आज इतका दाट. यादाम चौकटीला धरून उभा होता.

"काका, आज मी राहते. घोडा बांधते."

त्यानं घोड्याकडे पाहिलं. ओठ हलले. आत काहीतरी बोलावणारं होतं आणि ते तोंडाशी येऊन अडत होतं, मला दिसत होतं. मग म्हणाला, "उभा करू नकोस त्याला. निघ, डोल्गोर. कुणीतरी वाट बघत असेल."

कुणी वाट बघत नव्हतं. त्या दिवशी माझी दुसरी फेरीच नव्हती. मी एकदा म्हटलं असतं, की नाही जात जा, तर त्याच्यात मला अडवायची ताकद नव्हती. पण खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. त्या चुलीपाशी बसून पुन्हा ते मटण खायचं, त्याच्या डोळ्यांदेखत, हे मला नको होतं. मी घोडा वळवला.

चौथ्या दिवशी मेंढपाळांनी त्याला पाहिलं आणि मला बोलावलं. तो चुलीशेजारी पडला होता. कढईतली चरबी वर पांढरी गोठली होती, एक तुकडासुद्धा काढलेला नव्हता. चुलीच्या उजव्या अंगाला, पाहुण्याच्या जागी, वाडगा मांडलेला होता. त्यात एडक्याचं शेपूट होतं, आणि शेजारी सुरी, मूठ पाहुण्याकडे केलेली.